चौदाव्या दिवसाची रेघ

परवा एक परिचित गृहस्थ कार्यालयात येऊन बसले. चेहरा चिंतातुर. थोरली मुलगी तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली, हा पहिला धक्का त्यांनी कसाबसा पचविला होता. आता तिला पुढे ‘बायोएथिक्स’ नावाचा विषय शिकावयाचा आहे आणि त्यातच आयुष्य काढावयाचे आहे, हा दुसरा धक्का मात्र त्यांच्या पचनी पडेना. ‘डॉक्टर नाही, वकील नाही, शास्त्रज्ञही नाही, मग ही करणार तरी काय?’ असा त्यांचा प्रश्न होता. पोटापाण्याची काळजी वाहणाऱ्या बापाचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चहाचा पेला संपेपर्यंत त्याचे उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे देत आहोत. शिवाय हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही.

या विषयाला मराठीत जैवनीतिशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, वस्तू तितकी जड नाही. वैद्यकाला आणि विज्ञानाला जे करता येऊ लागले आहे ते करावे काय, कोणावर करावे, कोणाला विचारून करावे आणि बिघडले तर भरपाई कोणी द्यावी, एवढेच तो विचारतो. हे प्रश्न ग्रंथालयात जन्मले नाहीत. १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने नाझी डॉक्टरांना दोषी ठरविताना माणसावरील प्रयोगांचे १० नियम सांगितले. त्यांतला पहिला नियम, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वखुशीची संमती. पराभूत शत्रूला सुनावलेले हे नियम जेत्यांनी स्वतःच्या घरी पाळले असे मात्र नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात सरकारी आरोग्यखात्याने उपदंशाने आजारी असलेल्या सुमारे ४०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ पासून १९७२ पर्यंत उपचाराविना ठेवले. रोग कसा वाढतो एवढे पाहावयाचे होते. पेनिसिलिन हाती आले, तेही त्यांना दिले गेले नाही. ‘बायोएथिक्स’ हा शब्द व्हॅन रेन्सेलर पॉटर या कर्करोगसंशोधकाने १९७० च्या सुमारास रूढ केला. १९६९ साली न्यूयॉर्कजवळ हेस्टिंग्ज सेंटर आणि १९७१ साली जॉर्जटाऊन विद्यापीठात केनेडी इन्स्टिट्यूट अशी या विचाराची दोन पीठे उभी राहिली. पुढे १९९० साली मानवी जनुकसंचाचा आराखडा काढण्याचे प्रचंड काम अमेरिकेने हाती घेतले, तेव्हा त्या रकमेतला ३ ते ५ टक्के वाटा नैतिक, कायदेविषयक व सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी बाजूला काढून ठेवला. गृहस्थांच्या पोटापाण्याच्या शंकेला तूर्त एवढे उत्तर पुरे व्हावे.

परंतु हा मनुष्य नेमके काय करतो, हे संस्थांच्या सनावळीवरून कळत नाही. त्यासाठी एखादे आयुष्यच पाहावे लागते. आम्ही मेरी वॉर्नॉक यांचे पाहतो.

वॉर्नॉकबाईंचा जन्म १९२४ सालचा, इंग्लंडमधील विंचेस्टरचा. वडील शाळेत शिक्षक होते आणि ही मुलगी जन्मण्यापूर्वीच ते वारले. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन वाङ्मय व तत्त्वज्ञान शिकून १९४९ साली बाई तेथल्याच सेंट ह्यूज महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवू लागल्या. लग्न तत्त्वज्ञाशीच झाले. पाच मुले झाली. १९६६ साली विद्यापीठातली नोकरी सोडून त्या मुलींच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. आमच्याकडे प्राध्यापकाने शाळेत जाणे म्हणजे पदावनती. बाईंना ती तशी वाटली नाही, आणि पालक, चिडलेले शिक्षक व रडणाऱ्या मुली यांच्यात काढलेली ती सहा वर्षे पुढे त्यांच्या कामी आली असे आम्हांस वाटते. १९७४ साली सरकारने अपंग व मंदगती मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांना दिले. तिचा अहवाल १९७८ साली आला. त्यानंतर प्राण्यांवरील प्रयोगांविषयीच्या सल्लागार समितीचे अध्यक्षपद आले. एव्हाना बाई न जीवशास्त्रज्ञ होत्या, न डॉक्टर, न कायदेपंडित. त्या फक्त विचार करण्याचे शिक्षण घेतलेल्या बाई होत्या.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या रुग्णालयात लुईझ ब्राऊन ही मुलगी जन्मली. स्त्रीबीज व पुरुषबीज यांचे मीलन शरीराबाहेर, काचपात्रात घडवून जन्माला आलेले हे जगातले पहिले मूल. रॉबर्ट एडवर्ड्‌स यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळावयास २०१० साल उजाडावे लागले. त्यांचे सहकारी डॉ. पॅट्रिक स्टेप्टो तोपर्यंत हयात नव्हते. मुलीच्या जन्माने निपुत्रिकांच्या घरी आशा आली आणि पार्लमेंटात भीती. काचपात्रात जादा गर्भ राहिले तर त्यांचे काय करावयाचे? त्यांच्यावर प्रयोग करावे काय? ते फेकावे काय? दात्याचे बीज वापरले तर बाप कोण? या सगळ्याचा विचार करण्यास १९८२ साली १६ जणांची समिती नेमण्यात आली आणि तिच्या अध्यक्षस्थानी वॉर्नॉकबाई बसल्या.

समितीत डॉक्टर होते, वकील होते, धर्मज्ञ होते, समाजसेवक होते. गर्भ कसा वाढतो हे प्रयोगशाळेत आयुष्य घालवून जाणणाऱ्या एक ॲन मॅक्लॅरन होत्या. त्यांनी इतरांना शिकविले की पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ म्हणजे पेशींचा एक पुंजका असतो. त्यातून एक मूल होणार की जुळी होणार, हेदेखील ठरलेले नसते. साधारण पंधराव्या दिवशी त्यावर एक बारीक रेषा उमटते, ती पुढच्या पाठकण्याची आणि मज्जासंस्थेची पूर्वखूण. त्याआधी वेदना भोगण्यास कोणी नसते. येथे समितीतले बहुसंख्य सदस्य थांबले आणि त्यांनी रेघ ओढली: प्रयोगशाळेतला मानवी गर्भ १४ दिवसांपलीकडे वाढवावयाचा नाही, वाढविल्यास तो फौजदारी गुन्हा. जुलै १९८४ मध्ये अहवाल आला. सोळांपैकी तिघांनी गर्भावरील कोणत्याही प्रयोगाला विरोध नोंदविला, आणि तो विरोध अहवालात सन्मानाने छापला गेला.

‘१४ च का? १३ का नाही, १६ का नाही?’ असे बाईंना आयुष्यभर विचारले गेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की रेघ कोठेतरी ओढावीच लागते, ती मोजता येईल अशी असावी लागते आणि ज्यांना ती पटत नाही त्यांनाही तिच्यासह एका देशात राहता आले पाहिजे. निखळ बरोबर उत्तर प्रत्येकाचे निराळे असते. कायद्याला मात्र सर्वांना सोसेल असे उत्तर हवे असते. तत्त्वज्ञानाच्या कित्येक अध्यापकांना ही तडजोड भित्री वाटली. आम्हांला ती तशी वाटत नाही. कोट्यवधींच्या वतीने एक आकडा उच्चारणे आणि त्याच्यामागे उभे राहणे, याला पुस्तक लिहिण्यापेक्षा निराळे धैर्य लागते. १९८५ साली गर्भावरील प्रयोगांना बंदी घालणारे इनॉक पॉवेल यांचे विधेयक पार्लमेंटात मोठ्या मताधिक्याने पुढे सरकले होते. वेळेअभावी ते बारगळले. पाच वर्षे वादविवाद झाला आणि १९९० साली वॉर्नॉक समितीच्या शिफारशींवर बेतलेला कायदा संमत झाला. पुढच्याच वर्षी तो राबविणारे वैधानिक मंडळ कामास लागले. अशा प्रकारचे ते जगातले पहिले मंडळ होय.

रेघेचे पुढे काय झाले? जवळजवळ ३० वर्षे तिची कोणाला अडचणच झाली नाही, कारण प्रयोगशाळेत गर्भ तितके दिवस टिकतच नसे. २०१६ साली केंब्रिज आणि न्यूयॉर्क येथील शास्त्रज्ञांनी तो १२-१३ दिवसांपर्यंत वाढविला आणि केवळ या नियमाखातर प्रयोग थांबविला. मूलपेशी-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ साली ही सरसकट मर्यादा आपल्या मार्गदर्शक नियमांतून सैल केली. म्हणजे तो वाद आता पुन्हा उघडला आहे. वॉर्नॉकबाई २०१९ च्या मार्चमध्ये, ९४ व्या वर्षी, वारल्या. त्यांचे सर्वच आम्हांला मान्य आहे असे नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांनी इतरांवरचा भार होऊन जगू नये, अशा अर्थाचे जे त्या २००८ साली बोलल्या, ते आम्हांस त्या वेळी क्रूर वाटले आणि आजही वाटते. पण अपंग मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याच्या ज्या विचाराला त्यांच्याच अहवालाने चालना दिली, त्याचे परिणाम सर्वत्र चांगले झाले नाहीत, असे २००५ साली त्यांनीच लिहून प्रसिद्ध केले. स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहवालावर अशी लेखणी चालविणारे समिती-अध्यक्ष आमच्या देशात आम्ही अद्याप पाहिलेले नाहीत.

आता कलकत्त्याकडे वळू. लुईझ ब्राऊनच्या जन्मानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, त्या शहरात ‘दुर्गा’ या नावाने ओळखली गेलेली मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांचे दोन सहकारी यांनी तुटपुंज्या साधनांनिशी, गर्भ गोठवून ठेवण्याची युक्ती योजून, हे यश मिळविले होते. गोठविलेल्या गर्भापासून मूल जन्मल्याची पाश्चात्त्य जगातली पहिली नोंद ऑस्ट्रेलियातली, १९८४ ची. पश्चिम बंगाल सरकारनेही समिती नेमली, नोव्हेंबर १९७८ मध्येच. अध्यक्षस्थानी रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. समितीने मुखोपाध्यायांचा दावा खोटा ठरविला. जपानमधील क्योतोला जाऊन आपले काम सांगण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. १९८१ साली त्यांची बदली नेत्रविकारांच्या संस्थेत करण्यात आली आणि १९ जून रोजी त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेले मूल भारतातले पहिले मानले गेले. परंतु त्या कामातले त्यांचे ज्येष्ठ सहकारी डॉ. आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित टिपणांचा अभ्यास केला आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असे १९९७ साली जाहीरपणे लिहिले. हा मोठेपणा विसरण्यासारखा नाही.

अध्यक्ष विषयातला तज्ज्ञ नव्हता म्हणून कलकत्त्याची समिती चुकली, असे सोपे निदान करून चालणार नाही. लंडनच्या अध्यक्षाही विषयातल्या तज्ज्ञ नव्हत्याच. फरक इतकाच की आपल्याला काय कळत नाही हे ओळखण्याचे आणि जो जाणतो त्याच्याकडून ते काढून घेण्याचे शिक्षण वॉर्नॉकबाईंना मिळाले होते. त्या मॅक्लॅरन यांच्यासमोर विद्यार्थिनी होऊन बसल्या. कलकत्त्यात एका डॉक्टरची उलटतपासणी झाली. आणि ज्या प्रश्नांचा खरोखर विचार व्हावयास हवा होता, त्या मातापित्यांनी कोणत्या समजुतीने संमती दिली, त्यांना हवी असलेली गुप्तता कोठवर राखावी, संशोधकाने पुरावा केव्हा आणि कोणापुढे ठेवावा, त्यांतला एकही प्रश्न कोणाला महत्त्वाचा वाटला नाही.

हे विचार आपल्याला नवे आहेत, असेही कोणी म्हणू नये. गांधारीचे शंभर पुत्र तुपाच्या घड्यांत वाढले, तेव्हा आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते, असा अभिमान बाळगणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्याशी आम्ही हुज्जत घालू इच्छीत नाही. पण ज्याचा खरोखर अभिमान बाळगावा असे काही आमच्या ग्रंथांत आहे, त्याकडे मात्र त्यांचे लक्ष जात नाही. मूल बीज देणाऱ्याचे की क्षेत्राच्या धन्याचे, हा वाद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दोन्ही बाजू मांडून चालविलेला आहे. क्षेत्रज पुत्राला औरसाखालोखाल स्थान देणारे स्मृतिकार आहेत. नियोगाला अनेक अटी घालून परवानगी देणारी मनुस्मृती त्याच अध्यायात पुढच्या श्लोकांतून त्याची निंदाही करते. स्त्रीला ‘क्षेत्र’ मानणारी ती दृष्टी आज आम्हांला मान्य होणार नाही, होऊही नये. परंतु अवघड प्रश्न दोन्ही अंगांनी उलगडून पाहण्याची ती सवय होती. ती आम्ही हरवली, आणि मग काचपात्रातला प्रश्न दारी आला तेव्हा कायदा करावयास आम्हांला २०२१ साल लागले. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान आणि सरोगसी यांविषयीचे दोन्ही कायदे त्या वर्षीचे. मुखोपाध्यायांनंतर ४३ वर्षांचे! मधल्या काळात गुजरातेतील आणंदसारख्या गावात परदेशी दांपत्यांसाठी उदर भाड्याने देणाऱ्या गरीब स्त्रियांचा एक उद्योगच उभा राहिला. आमच्याकडे परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे होती, आणि ती न पाळल्यास कोणाचे काहीच बिघडत नव्हते.

गोमंतकीय वाचकाला वाटेल की हे सर्व दूरचे आहे. त्याने म्हापशाचे १९८९ साल आठवावे. डॉमिनिक डिसोझा हे तरुण वारंवार रक्तदान करीत. त्याच रक्ताच्या तपासणीत त्यांना एच.आय.व्ही.चा संसर्ग असल्याचे आढळले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्यांना नेले आणि क्षयरोग्यांसाठीच्या जुन्या इमारतीत, पहाऱ्यात, ६४ दिवस एकटे ठेवले. ते बेकायदा नव्हते. आमच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या ५३ व्या कलमाने सरकारला तसा अधिकार दिलेला होता. हा रोग स्पर्शाने वा एका खोलीत राहिल्याने पसरत नाही, हे त्या वेळी जगभरच्या वैद्यकाला ठाऊक झाले होते. त्यांच्या आईने उच्च न्यायालयाच्या पणजी पीठापुढे दाद मागितली. व्यक्तीचा हक्क आणि लोकहित यांत विरोध आला तर लोकहित वरचढ, असे धरून न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. डिसोझा यांनी पुढे अशा रुग्णांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारण्याचे काम सुरू केले आणि १९९२ साली ते वारले. आपल्याकडच्या किती जणांनी त्या वेळी आवाज उठविला? भीती सर्वांनाच होती, पत्रकारांनाही होती. विधानसभेत ते कलम आले तेव्हा विलगीकरणाने रोग खरोखर आटोक्यात येतो काय, आणि येत नसेल तर आपण माणसाला शिक्षा कशाची देतो आहोत, हे विचारणे ज्याचे नेमून दिलेले काम आहे असा एकही मनुष्य सरकारच्या पदरी नव्हता. त्या गृहस्थांची मुलगी जे शिकू पाहते आहे, ते हे काम आहे.

मराठी माणसे जेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली त्या इंदूरात आणि वडोदऱ्यातही हेच घडले. नव्या औषधांच्या चाचण्या गरीब रुग्णांवर त्यांना पुरते न सांगता होतात, म्हणून इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि तेव्हा कोठे संमतीचे व भरपाईचे नियम कडक झाले. वडोदरा आणि खम्मम जिल्ह्यांत २००९ साली शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१० च्या एप्रिलमध्ये थांबवावा लागला. लस वाईट होती असे नाही. चौकशीत मुलींचे मृत्यू लशीमुळे झाल्याचे दिसले नाही. परंतु खम्ममकडील कितीतरी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. चांगल्या लशीवरचा लोकांचा विश्वास एका सहीने घालविला.

कायद्यात आज तरतूद आहे. औषधचाचण्यांचे २०१९ चे नियम म्हणतात की नीतिसमितीत निदान सात सदस्य असावेत, निम्मे संस्थेबाहेरचे असावेत, एक सर्वसामान्य नागरिक असावा, एक कायदा जाणणारा असावा, आणि एक समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ वा धर्मज्ञ असावा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमातही २०१९ पासून नीती व संवाद हा भाग आला आहे. कागद नीट आहे. पण ती तत्त्वज्ञाची खुर्ची भरावयास माणूस आणावयाचा कोठून? मुंबईत डॉ. सुनील पंड्या यांच्यासारख्या शल्यवैद्यांनी १९९३ साली वैद्यकीय नीतीचे नियतकालिक सुरू केले आणि ते पदरमोड करून चालविले. मंगळूरच्या येनेपोया विद्यापीठात नीतिकेंद्र आहे. आणखी अशी काही नावे सांगता येतील. एवढ्या मोठ्या देशाला ती पुरतात काय? माणूस न मिळाला की कोणी निवृत्त, सज्जन, होकार देणारे गृहस्थ त्या खुर्चीवर बसविले जातात. बैठक वेळेवर आटोपते.

या व्यवसायाची कीडही सांगितली पाहिजे. ज्या कंपनीच्या यंत्राची परीक्षा करावयाची तिच्याच पैशाने नीतितज्ज्ञ पोसले जाऊ लागले, तर त्यांची किंमत लग्नातल्या वाजंत्र्याहून अधिक राहणार नाही. चीनमधील हे ज्यानक्वेई यांनी जुळ्या मुलींची जनुके गर्भावस्थेत बदलल्याचे २०१८ च्या नोव्हेंबरात जाहीर केले, तेव्हा त्यांच्यापाशीही नीतिसमितीच्या मंजुरीचा कागद होता. तो बनावट असल्याचे न्यायालयात निघाले आणि पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची कैद झाली. शिक्का मिळविणे ही औपचारिकता झाली की तो बनावट काढणेही सोपे होते. आता जनुक-कात्रीने सिकलसेलच्या रुग्णावर उपचार करण्याची परवानगी ब्रिटनने २०२३ साली दिली आहे. छातीचे चित्र यंत्राने वाचून निदान सांगण्याचे युग आपल्याही देशात आले असून आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याविषयीचे नीतिनियम त्याच वर्षी काढले. यंत्र चुकले तर जबाबदार डॉक्टर की यंत्र विकणारा, रुग्णाची माहिती कोणाच्या मालकीची, हे विचारणारे लोक यंत्र येण्यापूर्वी हवेत. म्हापशाला आम्ही ते नंतरही आणले नाहीत.

त्या गृहस्थांना आम्ही कळविले आहे की मुलीला जाऊ द्यावे. मात्र तत्त्वज्ञानाबरोबर थोडे जीवशास्त्र आणि थोडा कायदा तिने शिकावा आणि सहा महिने तरी एखाद्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसून काढावेत. वॉर्नॉकबाईंना शाळेने जे दिले, ते तिला तेथे मिळेल. राहिला प्रश्न परत आल्यानंतरचा. ताळगांवच्या पठारावरील विद्यापीठ आणि बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय यांमध्ये काही किलोमीटरांचेच अंतर आहे. दोघांनी मिळून जैवनीतिशास्त्राचे एक पूर्ण वेळेचे अध्यापकपद निर्माण करावे, त्या अध्यापकास राज्यातील नीतिसमित्यांवर घ्यावे आणि आरोग्यविषयक प्रत्येक विधेयक सभागृहात येण्यापूर्वी त्याचा लेखी अभिप्राय मागवून तो जाहीर करावा. अभिप्राय मानण्याचे बंधन सरकारवर नसले तरी चालेल, छापण्याचे असावे. एका अध्यापकाचा पगार हा सरकारच्या दृष्टीने मोठा खर्च नव्हे, आणि पुढील अंदाजपत्रकाच्या तयारीला अजून अवधी आहे.